खाणवाल्यांच्या गावात, बर्फात, आईसोबत

जर्मनीतला ख्रिसमस बघायचा तर न्यूर्नबर्गला जा, ड्रेस्डेनला जा असं सगळेच सांगतात, आणि जावंच, ड्रेस्डेनचा बाजार 1434 पासून भरतोय, उगीच नाही लोक तिथं लोटत. पण मला कुणी विचारलं तर मी एर्झगेबिर्गला पाठवते. जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या दक्षिणेला, चेक बॉर्डरला लागून हे डोंगर आहेत, उंच म्हणाल तर फार नाहीत, त्या भागातलं मोठं शिखर फिश्टेलबर्ग 1215 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा कमीच. तिथं जायचं ते खिडक्या बघायला.

ॲडव्हेंटचा, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार आला की तिथल्या प्रत्येक खिडकीत दिवे लागतात. प्रत्येक म्हणजे खरंच प्रत्येक, श्रीमंताच्या, गरिबाच्या, चौथ्या मजल्यावरच्या, बंद पडलेल्या दुकानाच्या सुद्धा. अर्ध्या वर्तुळाची लाकडी कमान असते, तिच्यावर मेणबत्त्या (आता बहुतेक लाइटच्याच), आणि कमानीच्या आत कोरलेली माणसं. श्विबबोगन म्हणतात तिला. सगळ्यात जुनी माहितीतली कमान 1740 ची, योहानगेऑर्गेनश्टाट गावातली, लोखंडाची. शिवाय खिडकीत हातात मेणबत्त्या धरलेला एक देवदूत आणि एक खाणकामगार अशी जोडी असते. पूर्वी घरात जेवढ्या मुली तेवढे देवदूत आणि जेवढे मुलगे तेवढे खाणकामगार ठेवायचे, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला खिडकी बघूनच कळायचं या घरात किती पोरं आहेत ते.

आणि हे सगळं तोंड रस्त्याकडं करून मांडतात. घरातल्यांना मागची बाजू दिसते. मला हे फार आवडतं. बाहेरच्याला दिसावं म्हणून लावलेला दिवा आहे हा.

त्याचं कारणही आहे तसंच. 1168 मध्ये फ्रायबर्गजवळ चांदी सापडली आणि तिथून पुढं आठशे वर्षं या डोंगरांनी माणसं आत ओढली, चांदी, कथील, कोबाल्ट, शेवटी युरेनियम. हिवाळ्यात इथं सूर्य आठ वाजता उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. खाणीतला माणूस अंधारात घरातनं निघायचा, दिवसभर अंधारात काम करायचा आणि वर यायचा तेव्हा परत अंधारच. रविवार सोडला तर आठवडा आठवडा त्याला ऊन दिसायचं नाही. त्याला घराची वाट दिसावी म्हणून खिडकीत दिवा, असं इथली जुनी माणसं सांगतात. कमानीचा आकारही खाणीच्या तोंडाचा आहे म्हणतात, ख्रिसमसच्या आधीची शेवटची पाळी संपली की कामगार आपापले दिवे खाणीच्या तोंडाशी अर्धगोलात टांगायचे, त्यावरनं तो आला असं. त्या शेवटच्या पाळीला मेटेनशिश्त म्हणतात, त्या दिवशी काम लवकर थांबवून प्रार्थना आणि एकत्र जेवण असायचं.

मी ही गोष्ट आईला फोनवर सांगितली होती, आमचं सॅक्सनीतल्याच केमनित्स शहरात बस्तान बसलं त्या पहिल्याच हिवाळ्यात. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काय, रात्रपाळीच की."

आई इचलकरंजीची. बाबा यंत्रमागावर होते, बारा बारा तासांच्या पाळ्या, एक आठवडा दिवस एक आठवडा रात्र, आणि आईनं स्वतः कांड्या (मागात घालायची सुताची रिळं) भरल्या वर्षानुवर्षं. आमच्या गल्लीत रात्री माग बंद पडले की माणसं दचकून जागी व्हायची, इतकी त्या खडखडाटाची सवय. त्यामुळं पाळी या गोष्टीबद्दल तिला काही समजावून सांगावं लागत नाही. गंमत बघा, इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आणि केमनित्सला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, इथंही कापड गिरण्या आणि मशीनचे कारखाने होते, धुराड्यांचं शहर. एका मँचेस्टरमधनं उठून मी दुसऱ्यात आले असं बाबा म्हणायचे. ते असतानाच त्या दोघांना आणायचं होतं, ते राहिलं. मग कोविड आला, सॅक्सनीत 2020 आणि 2021 अशी दोन्ही वर्षं ख्रिसमसचे बाजार बंद, मिरवणुका बंद. 2022 च्या दिवाळीला आई एकटी आली, आणि मी ठरवलं होतं की ख्रिसमसच्या आधीचा वीकेंड तिला डोंगरात न्यायचं, काही झालं तरी.

शुक्रवारी दुपारपासून बर्फ पडायला लागला. ऑफिसातनं येताना कार्ल मार्क्सच्या डोक्यावर चांगला थर बसला होता (केमनित्सच्या मधोमध मार्क्सचं नुसतं डोकं आहे, ब्राँझचं, सात मीटर उंच, 1971 मध्ये बसवलेलं, कारण 1953 ते 1990 या शहराचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं). घरी आले तर आई खिडकीला नाक लावून उभी. म्हणाली, "शेडमध्ये तूस उडायची बघ, दिव्याच्या उजेडात, अगदी तश्शी." कापसाची तूस. मी एवढी वर्षं बर्फ बघतेय, मला हे कधी सुचलं नव्हतं, पण तेव्हापासून मला दिव्याखाली पडणारा बर्फ दुसरं काही दिसतच नाही.

शनिवारी सकाळी आईला कपड्यांचे एवढे थर चढवले की तिला हात खाली करता येईनात. वर माकडटोपी, ती तिनं इचलकरंजीहून आणलेलीच. नवरा म्हणाला, "आई, बूट घट्ट बांधा, आत बर्फ गेला की पाय ओले आणि दिवस वाया." केमनित्सहून क्रान्त्साल रेल्वेनं सव्वा-दीड तासाचा प्रवास, गाडी फ्ल्योहाहून वळून चोपाऊ नदीच्या काठाकाठानं वर चढते. खाली दरीत काळी नदी, दोन्ही बाजूला पांढरी झाडं, मधेच चोपाऊ नावाचं गाव, जिथं एकेकाळी डीकेडब्ल्यू कंपनीच्या मोटरसायकली बनायच्या, मग वोल्केनश्टाइन कड्यावर टेकलेलं. आई सगळा वेळ गप्प होती. तिची ती खास गप्प बसण्याची तऱ्हा आहे, काही मनापासून आवडलं की ती बोलत नाही.

क्रान्त्सालला खरी मजा. तिथून ओबरवीझेनटालपर्यंत छोटी गाडी जाते, फिश्टेलबर्गबान, नॅरो गेज, साडेसातशे मिलिमीटरचे रूळ, 1897 पासून चालू आणि आजही वाफेच्या इंजिनावर. साधारण सतरा किलोमीटर, तासभर लागतो. मराठी माणसाला नेरळ-माथेरान आठवणारच, ती 1907 ची, म्हणजे ही दहा वर्षांनी थोरली. पण ही फक्त टुरिस्टांसाठी ठेवलेली नाही, गाडी रोज वर्षभर धावते. मधली काही देखभालीची सुट्टी सोडली तर. लेक तर डब्याच्या बाहेरच्या मोकळ्या गॅलरीतच उभी राहिली, कोळशाचे कण तोंडावर, बर्फ तोंडावर, आत यायला तयार नाही. तिच्या आजीनं पण शेवटी जाऊन तिच्याशेजारी उभं राहायचंच ठरवलं. मी नको नको म्हणत होते. "अगं, एवढ्या लांब आले ते आत बसायला व्हय," असं म्हणून गेली.

वाटेत नॉयडॉर्फ लागतं, तिथं धुपाच्या छोट्या कोनांचा कारखाना आहे. या भागात लाकडाचे पोकळ बाहुले करतात, तोंडात पाइप धरलेले, कुणी वनरक्षक कुणी पोस्टमन कुणी खाणकामगार, पोटात पेटता कोन ठेवला की धूर तोंडातनं बाहेर येतो. साधारण 1830 पासून हे बाहुले बनताहेत. आणि कोनात काय, तर कोळशाची पूड, स्टार्च आणि बॉस्वेलिया जातीच्या झाडांचा डिंक, म्हणजे आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या झाडाची भावंडं. ओबरवीझेनटालच्या बाजारात एका स्टॉलवर आईनं तो वास घेतला आणि म्हणाली, "हा तर आपला धूप." मग तिनं हट्टानं वेगवेगळे वास हुंगून बघितले, स्टॉलवाल्या बाईला हातानं हो नको सांगत, आणि नेमका सगळ्यात साधा, नुसत्या डिंकाचा उचलला. देवघरात लावणार होती.

ओबरवीझेनटाल हे जर्मनीतलं सगळ्यात उंचावरचं शहर, 914 मीटर. तिथून फिश्टेलबर्गवर रोपवेचा पाळणा जातो, 1924 पासूनचा, जर्मनीतला सगळ्यात जुना. वर गेलो पण धुक्यात काही म्हणजे काही दिसलं नाही, वारा इतका की उभं राहवत नव्हतं, कॅफेत बसून बटाट्याची थालिपीठं खाल्ली (त्यांना वेगळं नाव आहे, पण आईनं थालिपीठ म्हटलं आणि आमच्या घरात आता तेच नाव आहे), सोबत सफरचंदाचा गोड गर. लेक बाहेर बर्फात लोळून आली. त्याबद्दल एवढंच.

रविवार मात्र सांगायचाच आहे.

चौथ्या ॲडव्हेंटच्या रविवारी आनाबर्ग-बुखहोल्त्समध्ये खाणकामगारांची वर्षाची शेवटची आणि सगळ्यात मोठी मिरवणूक निघते. आनाबर्ग हे चांदीमुळंच वसलेलं गाव, 1490 च्या दशकात डोंगरात चांदी लागली आणि 1496 ला शहर उभं राहिलं. मिरवणूक दुपारची होती, आम्ही सकाळीच पोचलो कारण मला आईला आधी सेंट आना चर्च दाखवायचं होतं. बाहेरनं साधं दगडी, आत गेलं की छताच्या कमानींची फुलं झालेली. पण मुख्य गोष्ट तिथल्या खाणकामगारांच्या वेदीची मागची बाजू. पुढून नेहमीची देवादिकांची चित्रं आणि शिल्पं, आणि मागे 1521 मध्ये हान्स हेस्से नावाच्या चित्रकारानं खाणीतलं सगळं काम रंगवलंय. डोंगरभर माणसं खणताहेत, ढकलगाड्या ओढताहेत, भट्टी लावताहेत, नाणी पाडताहेत, आणि एक बाई खनिज धुतेय. पाचशे वर्षांपूर्वी देवळात मजुराचं चित्र, तेही काम करतानाचं. आई त्या खनिज धुणाऱ्या बाईसमोर बराच वेळ थांबली. मी माहिती सांगायला गेले तर हातानंच थांब म्हणाली.

चर्चमधनं खाली उतरलं की बाजारचौक. तिथं बार्बारा उटमान या बाईचा पुतळा आहे, सोळाव्या शतकातली, नवरा गेल्यावर तिनं लेसचा धंदा सांभाळला आणि शेकडो बायकांना घरबसल्या काम दिलं. चांदी कमी होत गेली तशी घरं चालली ती या बायकांच्या बोटांवर. आजही तिथं बायका ती लेस विणतात, आणि बाजारात एका स्टॉलवर एक आजीबाई विणत बसल्या होत्या. मांडीसमोर उशीचा गोल लोड, त्यावर टोचलेला नमुन्याचा कागद, टाचण्या, आणि लाकडी कांड्यांच्या जोड्या लटकलेल्या, प्रत्येक कांडीवर सूत. त्या दोन्ही हातांनी कांड्या उलटसुलट टाकत होत्या आणि लाकडाचा बारीक टकटक आवाज होत होता.

आई थांबली ती थांबलीच. मिरवणुकीसाठी जागा धरायची म्हणून नवरा पुढं जाऊन उभा होता, फोनवर फोन करत होता, मी म्हटलं थांब रे जरा. आईनं हातमोजा काढला आणि सुताला बोट लावलं, दोन बोटांत धरून पीळ बघितला. त्या बाईंनी वर पाहिलं. सूत हातात घेण्याची ती पद्धत त्यांना कळली असणार, कारण त्यांनी काही न बोलता चार कांड्या आईच्या हातात दिल्या आणि दाखवलं, ही हिच्यावरनं, मग पीळ, परत ही हिच्यावरनं. मुळात दोनच हालचाली आहेत, सगळी लेस त्यातनंच होते. आईनं एकदा बघितलं आणि केलं. आम्ही दोघी, मी आणि लेक, नुसत्या बघत राहिलो. बाईंनी लेकीला विचारलं, आजी काय काम करायची? लेकीनं मला विचारलं, मी आईला, आईनं सांगितलं, "कांड्या भरायची मी, मागाच्या. मोठ्या मशीनवर. पोरगीला सांग, ताशी किती ते पण सांग." ते उलट्या वाटेनं परत गेलं, आणि त्या बाई ऐकून हसल्या नाहीत, मान हलवली, आईचा हात हातात घेऊन बोटांकडं बघितलं. सुतानं कापलेल्या जुन्या रेघा आहेत तिच्या बोटांवर. माझ्या घरात इतकी वर्षं होत्या त्या रेघा, आणि मी कधी त्यांच्याकडं असं बघितलं नव्हतं.

मिरवणूक सुरू झाली तेव्हा बर्फ परत पडायला लागला होता. हजाराच्या वर माणसं, काळे कोट, पांढऱ्या विजारी, टोप्यांवर तुरे, कमरेमागं बांधलेलं कातडं (खाणीत ओल्या दगडावर बसायला, घसरत उतरायला ते लागायचं), हातात कुऱ्हाडी आणि दिवे, आणि मधून मधून बँड. बर्फात पितळी वाद्यं वाजवणं सोपं नाही, ओठ चिकटतात. दोन वर्षांच्या खंडानंतर पहिल्यांदाच निघत होती मिरवणूक. माझ्याशेजारचे एक म्हातारे गृहस्थ ताठ उभे राहून प्रत्येक तुकडीला "ग्ल्युक आउफ" म्हणत होते, खाणवाल्यांचा नमस्कार आहे तो, आणि समोरून तुकडीतला कुणीतरी प्रत्येक वेळी उत्तर देत होता.

या सगळ्याला नुसतं देखणं म्हणून मी बघू शकत नाही. 1946 ते 1990 या काळात इथं सोव्हिएत सत्तेसाठी युरेनियम काढलं गेलं, विस्मुट नावाच्या कंपनीनं, सुरुवातीच्या वर्षांत धूळ बसवायची साधी सोय नव्हती, हजारो माणसांना फुप्फुसाचे आजार झाले. योहानगेऑर्गेनश्टाटचं जुनं गाव, तेच पहिल्या कमानीचं, त्याच खाणकामापायी पाडलं गेलं. आमच्या शेजारच्या आजींचे मिस्टर विस्मुटमध्ये होते, आजी स्वतः कापड गिरणीत. ते कशानं गेले हे त्यांनी आईला एकदा छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं होतं, आणि आईनंही छातीवर हात ठेवला होता. बाबांची शेवटची वर्षं खोकल्यातच गेली. त्या दोघींना लेकीच्या भाषांतराची गरज पडली नाही त्या दिवशी. म्हणून मला वाटतं, या मिरवणुकीत चालणाऱ्यांना टाळ्या वाजवायच्या तर त्या कष्टांना वाजवाव्यात, तुऱ्यांना नव्हे. खाणी बंद झाल्या, तरी लोकांनी ते कपडे आणि तो दिवा सोडला नाही, यात मला मोठा स्वाभिमान दिसतो. आपल्याकडं गिरण्या बंद झाल्या, गिरणगावात टॉवर उभे राहिले, पण पाळीवर जाणाऱ्या माणसाची वर्षातनं एकदा गावानं अशी वाजतगाजत आठवण काढावी असं काही आपण केलं नाही, आणि ते मला लागतं.

परतीच्या गाडीत वेगळीच जत्रा. 18 डिसेंबर, वर्ल्डकपची फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स, सगळा डबा मोबाइलवर वाकलेला. तुऱ्याची टोपी मांडीवर घेतलेले दोन बँडवाले माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये डोकं घालून बसले होते. अर्जेंटिना दोननं पुढं, सामना संपल्यात जमा, आणि दरीत रेंज गेली. रेंज परत आली तेव्हा दोन-दोन. डब्यात जी आरोळी उठली ती ऐकून झोपलेली लेक उठून बसली. आई मात्र खिडकीकडं तोंड करून बसली होती, बाहेर एक एक गाव जात होतं, दिवे लागलेल्या खिडक्या, आणि ती मोजत होती. "त्या घरात तीन पोरी," म्हणाली, "आणि त्याच्याशेजारी एकच मुलगा."

सोमवारी शेजारच्या आजी आल्या, 24 तारखेला संध्याकाळी जेवायला या म्हणून सांगायला. इथं त्या रात्री नऊ पदार्थांचं जेवण असतं, नाइनरला म्हणतात, घरोघरी यादी थोडी वेगळी. बटाट्याचे मोठे गोळे म्हणजे मोठा पैसा, मसूर म्हणजे चिल्लर कधी संपू नये म्हणून, ताटाखाली एक नाणं, आणि जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग यादीतला सॉसेज आणि भाजलेलं बदक वगळून आपल्याला काय काय चालेल ते बोटांवर मोजलं, बटाट्याचे गोळे, आंबवलेला कोबी, बीट, अक्रोड, दुधातला पाव, मसूर. सहा.

"उठायचं नाही तर वाढायचं कुणी?" तिनं विचारलं.

आजी म्हणाल्या, यजमानीण तेवढी उठते, म्हणजे मी.

आई म्हणाली, "नको, त्यांचे गुडघे दुखतात. सगळं आधीच टेबलावर मांडून ठेवायचं म्हणावं. आणि मसूर मी करून आणते, लसणाची फोडणी देऊन. तिखट चालतं का विचार गं त्यांना." लेकीनं विचारलं. आजींनी अंगठा आणि बोटात एवढंसं अंतर दाखवलं. आईनं ते अंतर बघितलं, थोडं वाढवून दाखवलं, आणि आजींनी जरा विचार करून मान हलवली.